मालतीची पेटी आणि दादारावांचे अर्थिंग

मालती सोमकुवर तांब्याची तार गुंडाळायला बसे तेव्हा तिच्या दोन्ही गुडघ्यांपाशी एकेक वाटी असे. डावीकडच्या वाटीत चिंचोके, उजवीकडची रिकामी. शंभर वेढे पुरे झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे जाई. सासूने हाक मारली किंवा दारात कोणी आले तरी शंभराच्या आतला आकडाच काय तो तिला ध्यानात धरावा लागे. बाकीचे वाटी सांभाळी. ही रीत तिला वडिलांनी दिली होती. गुलाब सोनटक्के हे सौसरचे मोटर-वाइंडर. संत्र्याच्या बागांतले विहिरींवरचे पंप दर उन्हाळ्यात कमी दाबाच्या विजेने जळत आणि त्यांच्या अंगणात येऊन पडत. जळकी तार उपसून नवी भरणे हे ताकदीपेक्षा चिकाटीचे काम आहे हे ओळखून त्यांनी ते मुलीला शिकवले. तिची शाळा आठवीत सुटली होती. हे शिक्षण सुटले नाही.

१९७९ साली लग्न होऊन ती पांढुर्ण्याला आली. नवरा श्रावण रेडिओ दुरुस्त करी. नागपूरला दोन वर्षे राहून तो ते काम शिकला होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचे दुकान होते, मागच्या पडवीत मालतीने आपल्या वाट्या मांडल्या. वस्ती बौद्धांची, घरे मातीची, जमिनी शेणाने सारवलेल्या. तीन-चार वर्षांत कास्तकार तिच्याकडे मोटरी आणू लागले. ‘बाईची वाइंडिंग’ हे शब्द तेव्हा कौतुकाने उच्चारले जात.

१९८५च्या सुमारास गावात टीव्हींची संख्या वाढली. नागपूरचे चित्र धरण्यासाठी घरांवर लोखंडी नळांचे उंच खांब उभे राहिले आणि श्रावणच्या कामाचे स्वरूप पालटले. त्या काळच्या मोठ्या पडद्याच्या पुष्कळ संचांत घरातली वीज मध्ये कोणताही आडोसा न ठेवता थेट आत शिरे. भिंतीतून येणाऱ्या दोन तारांपैकी एक आतल्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे चेसिसला, सरळ जोडलेली असे. प्लग दोन पायांचा. तो एका बाजूने बसला तर चेसिस थंड. उलटा बसला तर चेसिसवर पूर्ण दोनशेतीस व्होल्ट. लाकडी खोका बंद असेपर्यंत घरच्यांना त्याची झळ लागत नसे. खोका उघडणाऱ्याला लागे. आणि सरकारी लाइनची एक तार, न्यूट्रल, डीपीपाशी, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीत गाडलेली असल्यामुळे दुसऱ्या तारेतल्या विजेला जमिनीपर्यंत जाणारी प्रत्येक वाट चालते. सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस ही तशीच एक वाट.

त्या पावसाळ्यात श्रावणला एकदा जोराचा झटका बसला. तो भिंतीवर फेकला गेला म्हणून सुटला. चार दिवस त्याचा उजवा हात कामाचा नव्हता. पाचव्या दिवशी तो पडवीत येऊन बसला.

“मालती, तू मोटर भरतेस. ट्रान्सफॉर्मर भरशील का?”

“किती व्होल्टचा?”

“दोनशेतीस आत, दोनशेतीस बाहेर.”

“जेवढी गेली तेवढीच वापस येनार, त मधात पेटी कायले ठेवायची? शोभेले?”

“मधात तार तुटते म्हनून. इकडचं गुंडाळं वेगळं, तिकडचं वेगळं. दोघाच्या मधात फकस्त लोखंड. वीज पल्याड जाते, पन लाइनची जमिनीशी असलेली सोयरीक अल्याडच राह्यते. तिकडची एक तार धरून मी ओल्या जमिनीवर बसलो, तरी ती मले काही करनार नाई. तिले जमिनीशी काही घेनंदेनंच नाई.”

“आन दोन्ही तारा धरल्या त?”

“त मरीन,” श्रावण म्हणाला. “पेटी एका हातापुरतीच हाय.”

मालतीने ती पेटी बांधली. एका भंगारातल्या स्टॅबिलायझरच्या लोखंडी पत्र्या घासून वेगळ्या केल्या. तार गुंडाळायच्या दोन स्वतंत्र बॉबिनी, मध्ये जाड फायबरचा तुकडा. आतल्या बाजूला, वीज शिरते तिकडे, नऊशेवीस वेढे: नऊ चिंचोके आणि वर वीस. बाहेरच्या बाजूला, वाटेत होणारी घट भरून निघावी म्हणून, तीस वेढे जास्त. प्रत्येक थरावर इन्सुलेशनचा कागद, शेवटी वार्निश, आणि मग सहा दिवस ऊन. जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यात ते सगळे बसवून पुढे सॉकेट काढले. व्यापारात त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणतात. त्या घरात ती नुसती ‘पेटी’ होती. श्रावणने स्वतःला तीन नियम लावून घेतले. पेटीवर एका वेळी एकच संच. डावा हात पाठीमागे. आणि पेटी असली तरी बसायचे ते सागवानी फळीवरच.

दादाराव वासनिक हे वीजखात्यातले जुने लाइनमन, श्रावणच्या वडिलांचे मित्र. मालती त्यांना सासऱ्याच्या नात्याने मामाजी म्हणे. १९७१ मध्ये वस्तीत एक गरोदर बाई लोखंडी दोरीवर लुगडे वाळत घालताना वीज लागून मेली होती. दोरीला एक फाटकी वायर टेकलेली होती. खांबावरून तिला खाली पडलेली पाहणारे पहिले माणूस दादारावच. त्यानंतर सुटीच्या दिवशी त्यांनी वस्तीतल्या घराघरापाशी अर्थिंगचे खड्डे खणले. आत पत्रा, त्यावर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, वरून पाण्याची नळी. कोणाकडून त्यांनी चहाखेरीज काही घेतले नाही. प्रत्येक घरच्या बाईला ते बजावत, “रोज एक लोटा पानी टाकत जाय वं. करंट म्हंजे वाट चुकलेला बैल. त्याले गोठा दाखोला त तो कोनाले मारत नाई. गोठा म्हंजे जमीन.” बायका तुळशीला घालावे तशा निष्ठेने त्या नळीत पाणी घालीत. तुळस या घरांतून गेली होती, खड्डा आला होता. पंधरा वर्षांत वस्तीत विजेने दुसरा माणूस मेला नाही. अशा माणसाच्या ज्ञानाविषयी शंका घेणे ही कृतघ्नता वाटावी, इतका त्यांचा अधिकार खरा होता.

पेटीच्या लोखंडी गाभ्याला अर्थिंग हवे, हे श्रावणला ठाऊक होते. आतले गुंडाळे कधी जळून लोखंडाला चिकटले तर ती वीज जमिनीत जावी, यासाठी. तो दादारावांना म्हणाला, “पेटीले अर्थिंग देऊन द्या, मामा.” एप्रिल १९८६ मध्ये, भीमजयंतीच्या दोन दिवस आधी, दादाराव आले. त्या दिवशी नवरा-बायको सौसरला गेले होते. सुखदेव नावाच्या तिथल्या एका मेकॅनिकसाठी मालतीने तशीच दुसरी पेटी बांधली होती, ती पोचवायला. घरात फक्त सासू लीलाबाई होत्या. त्यांनी किल्ली दिली, चहा केला. संध्याकाळी त्या कौतुकाने म्हणाल्या, “दादाराव येऊन गेला. खड्डा केला, पेटीबी जोडून देली. तहानभूक इसरून काम करते बाप्पा तो.” दुसऱ्या दिवसापासून मालती त्या नव्या खड्ड्यात रोज एक लोटा पाणी घालू लागली.

महिन्याभरात श्रावण एकदा म्हणाला, “आज चेसिसले हात लागला त जरासक झिनझिनलं.”

“पेटी खोलून पाहू का?”

“अँटेनाचं असंन. खांब उंच हाय ना.”

मालतीच्या पुढ्यात दोन मोटरी उघड्या पडल्या होत्या. मोसम उन्हाचा होता आणि बागा पाण्यावाचून वाळत होत्या. पेटी उघडणे राहून गेले.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी तिने पुढची खोली सारवली. फळी शेणामातीने माखली म्हणून धुऊन अंगणात उन्हात टाकली. श्रावण सावरगावच्या रघुनाथरावांचा टीव्ही घेऊन बसला. रघुनाथरावांच्या घरी श्रावण ओसरीपर्यंतच जाऊ शकत असे. त्याच्या हातून दुरुस्त होऊन गेलेला टीव्ही मात्र थेट बैठकीत जाई. त्या दिवशी तो संच तातडीचा होता. फळी अजून ओली आहे हे पाहून श्रावणने पोते पसरले. पोत्याखाली जमीन गार होती. त्याने नेहमीप्रमाणे डावा हात पाठीमागे घेतला आणि उजवा आत घातला.

मालती पडवीत होती. तिने आवाज ऐकला तो माणसाचा नव्हता; पितळी ट्रे पडल्याचा होता. ती धावत आली तेव्हा श्रावण चेसिसवर वाकलेला होता, जणू काही बारीक पाहतो आहे. तिने भिंतीतला प्लग उपटला. तेवढे भान तिला राहिले. त्याचा उपयोग झाला नाही.

पंचनामा झाला, कागद झाले. ‘विद्युत अपघात’ या दोन शब्दांत एक आयुष्य मिटले. पण वस्तीला आणि बाजाराला दोन शब्द पुरत नाहीत. त्यांना कारण हवे असते, आणि कारण शक्यतो दुबळ्या माणसाच्या घरातले हवे असते. स्टेशनाजवळ नत्थूजींचे दुकान होते. त्यांनी ते कारण पुरवले.

“बाईच्या हातची वाइंडिंग,” चहाच्या टपरीवर ते म्हणाले. “दोन वेढे हिकडचे तिकडं चिटकले, झालं. आपल्याकडं कंपनीचा स्टॅबिलायझर हाय. त्याच्यावर पंधरा टीव्ही खोलले. मेलो का मी?”

स्टॅबिलायझरच्या आत एकच गुंडाळे असते. तो विजेचा दाब कमी-जास्त करतो, जमिनीशी असलेला तिचा संबंध तोडत नाही. नत्थूजी आतापर्यंत केवळ नशिबाने जगले होते. पण जिवंत माणसाचे अज्ञान मेलेल्याच्या काळजीपेक्षा पटकन पटते.

पंधरवड्यानंतर गुणवंता ढोले आपली मोटर परत न्यायला आला. हा मोठा बागवाला, चार वर्षांचे गिऱ्हाईक.

“भरून झाली नाई अजून,” मालती म्हणाली.

“राहू दे ना. तू दुःखात हायेस, बाई. कायले हात चालवतेस? आराम कर.”

“दुःखात हात बंद ठेवला त खाऊ काय, दाजी?”

“तसं नाई वं…” तो बैलगाडीकडे पाहू लागला. “घरचे लोक म्हनतात, विहिरीवर बायकापोरं राह्यतात.”

त्याच्यामागून आणखी तिघे आले. सगळे सहानुभूतीने बोलले. सहानुभूतीच्या आड लपलेला आरोप खोडून काढता येत नाही, कारण तो कोणी केलेलाच नसतो. घरात मात्र आरोप उघड होता. लीलाबाई सुनेशी बोलेनाशा झाल्या. एकदाच, भाकरीचे ताट सरकवत, भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, “त्या पेटीनं माहा लेक खाल्ला.” पेटी कोणी बांधली हे त्या म्हणाल्या नाहीत.

मालतीलाही ठाऊक नव्हते की आरोप खोटा आहे. हेच तिचे खरे दुःख होते. श्रावण म्हणाला होता, झिणझिणले. तिने पेटी उघडली नव्हती. कुठे तरी, एखाद्या थरात, कागद सरकला असेल. वार्निश एखाद्या कडेला पातळ बसले असेल. नऊ चिंचोके आणि वीस. ती मनात पुन्हापुन्हा वेढे घाली. काम गेले ते परत मिळाले नाही तरी चालेल, पण आपल्या हाताने नवरा मारला की नाही एवढे तिला कळायला हवे होते. पेटी कोपऱ्यात, पोत्याखाली झाकून ठेवलेली होती. ती उघडायची तर साक्षीदार हवा, आणि असा साक्षीदार की ज्याचा शब्द वस्ती मानते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती दादारावांकडे गेली.

“जय भीम, मामाजी. हापिसातून मेगर आनता येईन का एका दिवसासाठी?”

मेगर म्हणजे हाताने फिरवायचे एक यंत्र. दोन तारांच्या मधला आडोसा शाबूत आहे की फुटला, हे त्याचा काटा सांगतो. दादारावांनी तिच्याकडे पाहिले.

“पोरी, जे झालं ते झालं. काटा पडला त तू कशी जगशीन?”

“न पाह्यता कुठं जगून राहिली मी?”

शनिवारी सकाळी ते मेगर घेऊन आले. लीलाबाई दारात बसून राहिल्या. उठल्या नाहीत, आत आल्या नाहीत. मालतीने पेटी प्रकाशात ओढली. प्लगच्या तारेवर एक चिमटा लावला, लोखंडी गाभ्याच्या बोल्टवर दुसरा. दादारावांनी दांडा फिरवला. काटा सरकला आणि आडव्या आठावर, म्हणजे अनंतावर, जाऊन थांबला. आतले गुंडाळे निर्दोष होते. मग तिने पहिला चिमटा काढून पुढच्या सॉकेटात लावला, बाहेरच्या गुंडाळ्यावर. दादारावांनी पुन्हा दांडा फिरवला.

काटा शून्यावर पडला.

मालतीने हात खाली ठेवले. बाहेरचे गुंडाळे लोखंडाला भिडलेले होते. गाभा जमिनीला जोडलेला होता. म्हणजे ज्या विजेला जमिनीशी घेणेदेणे नव्हते तिला ते मिळाले होते, आणि ते तिच्या हाताने बसवलेल्या थरांतून मिळाले होते. दारातल्या लीलाबाईंना यंत्र कळत नव्हते, पण सुनेची पाठ कळली. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“अवं, अशी काऊन बसलीस?” दादाराव म्हणाले. “तिथं शून्य येनारच. त्याच्यात काही नाई.”

“येनारच?”

“म्या जोडलं ना ते. गाभ्याले वायर जोडायले मागची फळी खोलली, त पाह्यतो काय, बाहेरच्या गुंडाळ्याचं एक टोक मोकळंच. कोनी जमिनीले जोडलंच नाई. म्हनलं पोरं इसरले. तांब्याची वायर लावून बोल्टले बांधून देलं. न्यूट्रल मोकळा सोडत असते का कोनी?” त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता, फक्त आपले काम नीट झाल्याचे समाधान होते. “इसरला होता श्रावन. सांगायचंच राह्यलं त्याले.”

त्या क्षणी त्या खोलीत एकाच माणसाला सत्य कळले होते. मालतीने चिमटा उचलला आणि तिसरी तपासणी केली: प्लगपासून सॉकेटपर्यंत, गुंडाळ्यापासून गुंडाळ्यापर्यंत. काटा अनंतावर गेला. तिच्या वाइंडिंगला कुठेही भेग नव्हती. निर्दोष सुटल्याचा आनंद माणसाला व्हावा अशी ती घटका होती. पण समोर सत्तावन्न वर्षांचा एक म्हातारा मेगरचा दांडा धरून बसला होता आणि त्याला काहीच माहीत नव्हते.

गप्प राहणे शक्य होते. तिने तसा विचार केला, हे ती पुढे लपवत नसे. मग तिने विचारले, “मामाजी, असं आनखी कुठं जोडलं तुमी?”

“सौसरले. तुह्या दुसऱ्या पेटीले. मागच्या महिन्यात ड्युटीवर गेलो होतो, त सुखदेवचं बी करून देलं. त्याचंबी टोक मोकळंच होतं.”

आता गप्प राहण्याची मुभा उरली नाही.

ती उठली. होल्डरमध्ये बल्ब लावलेली श्रावणची तपासणीची वायर तिने खुंटीवरून काढली. पेटीचा प्लग भिंतीत घातला. बल्बचे एक टोक खड्ड्यातून आलेल्या अर्थिंगच्या वायरला जोडले. दुसरे सॉकेटाच्या एका छिद्रात घातले. बल्ब लागला नाही. दुसऱ्या छिद्रात घातले. बल्ब लख्ख पेटला.

“हा बल्ब म्हंजे श्रावन,” ती म्हणाली.

मग तिने भिंतीतला प्लग काढला, पेटीची मागची फळी खोलली, आणि बोल्टवर पिळून बांधलेली वीतभर तांब्याची वायर पक्कडीने सोडवली. तीन पीळ आणि शेवट आत मुडपलेला. तसा पीळ वस्तीतल्या प्रत्येक घरात होता. प्लग पुन्हा घातला. बल्ब पहिल्या छिद्रात विझलेला, दुसऱ्या छिद्रातही विझलेला. शेवटी तिने बल्बची दोन्ही टोके दोन्ही छिद्रांत घातली, आणि तो पुन्हा पेटला, वीज होती हे दिसावे म्हणून.

दादारावांनी तिला पुन्हा करून दाखवायला सांगितले. तिने वायर बांधली, दाखवले. सोडली, दाखवले. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर केला.

“डीपीवर न्यूट्रल मोकळा राह्यला त अख्खी वस्ती जळते, पोरी. तीस वर्षं मी हेच करून राहिलो.”

“डीपीवर बरोबर हाय, मामाजी. घरात बी बरोबर हाय. गाभ्याले बी बरोबर. फकस्त त्या एका टोकाले नाई.”

“एका टोकाले,” ते म्हणाले.

मालती पुढे बोलली. “फळी म्या धुतली होती. जमीन म्या सारवली होती. झिनझिनते म्हने तो, तरी पेटी म्या खोलली नाई. खड्ड्यात पानी रोज मीच टाकत होती.”

“चाबी म्या देली,” दारातून लीलाबाई म्हणाल्या. तीन आठवड्यांत त्यांचा हा सुनेच्या दिशेने उच्चारलेला पहिला शब्द होता.

दोष वाटून घेतल्याने हलका होत नाही. पण तो एकाच माणसावर ढकलण्याइतकी ती तिघे त्या सकाळी नीच झाली नाहीत, एवढे नोंदवणे भाग आहे.

दुपारच्या बसने मालती आणि दादाराव सौसरला निघाले. शनिवार होता, जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्यांनी बस भरली होती, आणि तिथे ती थांबली ती उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची रेटारेटी संपेपर्यंत हललीच नाही. नारळ, हार, घामाचा वास. दादाराव खिडकीच्या गजाला धरून होते.

“आतापावतो त खोललं असंन त्यानं एखादं डबडं,” ते पुटपुटले.

सुखदेव जिवंत होता. लाकडी स्टुलावर, पायात रबरी चपला, समोर उघडा टीव्ही. त्याने दोघांना पाहिले आणि म्हणाला, “या, या. तुमचीच पेटी वापरून राहिलो, वहिनी. मस्त हाय. जरासक झिनझिनते कधीमधी.”

मालतीने आधी प्लग उपटला, मग सांगितले. सगळे, क्रमाने. सुखदेव ऐकत गेला आणि त्याचा रंग उतरत गेला. मग त्याचा आवाज चढला.

“म्हंजे ह्या चपला नसत्या त मीबी गेलो असतो? आन ह्या म्हाताऱ्याले अख्खा तालुका हात जोडते! कोनी सांगतलं होतं तुमाले हात लावायले? हाव? कोनी सांगतलं होतं?”

रस्त्यावरची माणसे थांबली. दादाराव म्हणाले, “कोनी नाई सांगतलं, बावा.” एवढेच. पेटीच्या मागे वाकून त्यांनी स्वतः ती वायर सोडवण्याचा प्रयत्न केला. तीन पीळ त्यांच्याच हातचे होते, पण ते त्यांना सुटेनात. मालतीने सोडवले.

ही कथा सुखदेवने बाजारात सांगितली, आणि ती पांढुर्ण्यापर्यंत पोचता पोचता लहान झाली. मोठी गोष्ट लोकांच्या तोंडी टिकत नाही. तिचा सोपा भाग टिकतो. ‘बाहेरच्या गुंडाळ्याचे एक टोक’ वाटेतच गळाले. पोचले ते एवढेच: अर्थिंगने माणूस मेला. मालतीच्या वाइंडिंगवरचा डाग पुसला गेला, आणि पंधरा वर्षे ज्या तारांनी वस्तीला राखले होते त्या लोक उपटू लागले. बायकांनी नळीत पाणी घालणे सोडले. कोणी खड्ड्यावर दगड ठेवला, कोणी वायर कापून भंगारात दिली. दादाराव दिसले की माणसे रस्ता बदलत. ते निवृत्तीआधीच रजेवर गेले आणि घराबाहेर पडेनासे झाले.

जूनच्या अखेरीस गुणवंता ढोले बैलगाडी घेऊन पुन्हा आला. मोटर तीच.

“बाई, चूक झाली आमची,” तो मोकळेपणाने म्हणाला. “तुह्या हातात काही खोट नव्हती. सगळं आता मालूम झालं. घे, भरून दे. आन काळजी नको करू. दादारावनं विहिरीवर करून देलेलं अर्थिंग म्या कालच तोडून टाकलं. झंझटच नको.”

ज्याची तिने महिनाभर वाट पाहिली होती ते तिच्या अंगणात उभे होते: मोटर, गिऱ्हाईक, आणि तिच्या हातांवरचा विश्वास. ती नुसती हो म्हणाली असती तर त्याच्यामागून बाकीचे तिघेही आले असते.

“मोटर उतरवू नका,” ती म्हणाली.

“काऊन?”

“तुमच्या विहिरीवर बायकापोरं राह्यतात ना? वायर तुटलेल्या मोटरीले मी हात लावनार नाई. आधी जोडा.”

“आता तूच म्हनतेस? तुहा नवरा त्याच्यानंच…”

“त्याच्यानं नाई गेला. थांबा, दाखवते.” आणि तिने पडवीतून पेटी आणि बल्ब आणला. गुणवंताने पाहिले. त्याला किती समजले हे सांगता येत नाही. तो म्हणाला, “लय टेढं हाय हे,” आणि डोके खाजवले. मग म्हणाला, “जोडीन कोन पन? दादाराव त आता…”

ती दादारावांच्या घरी गेली. ते खाटेवर बसून होते.

“मी आता कशालेच हात लावनार नाई, सूनबाई.”

“हात नका लावू. सोबत चला. खड्डा कुठं होता ते तुमालेच मालूम हाय.”

विहिरीपाशी नळी गवतात बुजली होती. त्यांनी बोट दाखवले, मालतीने गवत उपटले. तुटलेल्या वायरचे टोक मातीतून वर आले होते, तीन पिळांचे. गुणवंता आणि त्याची बायको कलाबाई पाचेक हात लांब उभे राहिले. मालतीने टोक घासून चकचकीत केले, नवा तुकडा जोडला, आणि मोटर बसते त्या लोखंडी चौकटीच्या बोल्टपाशी बसली.

“मामाजी, पाना द्या.”

दादारावांनी पिशवीतून पाना काढला, पण दिला नाही. हातात धरून राहिले. मालतीने वर पाहिले नाही. आपला हात मात्र तसाच पुढे ठेवला. शेवटी त्यांनी पाना तिच्या तळहातावर ठेवला आणि लोटा घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरू लागले. खड्ड्यात घालायला पाणी हवे होते.